सात फोटो, एक पिशवी

मला ज्यांनी मदत केली त्यांचं आधी सांगतो, काय झालं ते मागाहून. ते परभणीकडचे एक ड्रायव्हर. नाव लिहीत नाही. मी त्यांना भाऊ म्हणायचो, इथंही भाऊच लिहितो. महामारीच्या पहिल्या वर्षी मी आखातात लेकीकडे, अल खोरला, तीन महिन्यांसाठी आलो आणि विमानं बंद झाली. रक्तदाबाच्या गोळ्या गावाहून तीन महिन्यांच्याच आणलेल्या. शेवटचं पाकीट उघडलं तसा जीव घाबरा झाला. जावई रास लफानला कामावर, लेक लहान पोरांना घेऊन घरात. भाऊंनी ते पाकीट खिशात घातलं, औषधाची दुकानं पालथी घातली, डॉक्टरकडून त्याच औषधाची इथली गोळी लिहून आणली. पुढं दर महिन्याला गोळ्या दारात. आणि याच माणसाची चौकशी माझ्यावर येऊन पडली. नोकरीतले किती तरी गुन्हे विसरलो, पण नोकरी संपल्यावरचं हे प्रकरण कालच घडल्यासारखं वाटतं.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. इंग्रजीची भीती आधीपासून, त्यात परका मुलुख. इथं माझ्या खांद्यावर पट्टी नाही, हातात काठी नाही, कुणाला चौकीवर ये म्हणायचा अधिकार नाही. हे सगळं मी मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोनवर सांगून पाहिलं.

त्या म्हणाल्या, "काका, अधिकार नकोच आहे. फक्त शहानिशा करून द्या. शुक्रवारी तिकिटांची यादी फायनल होणार."

आमच्या मराठी मंडळानं तेव्हा मदतनिधी उभा केला होता. त्यातून दोन कामं चालत. ज्यांचा पगार थांबलाय त्यांना आठवड्याला किराण्याची पिशवी, आणि परत जाऊ न शकणाऱ्यांना सरकारनं सोडलेल्या मोजक्या खास विमानांचं तिकीट. पिशव्या पोचवायचं काम भाऊंकडे होतं, कारण त्यांच्या गाडीला परवानगी होती. भाऊंची स्वतःची कंपनी बंद पडलेली, व्हिसा रद्द झालेला, राहायची मुदत संपत आलेली. तीन वर्षं त्यांनी घर बघितलं नव्हतं. तिकिटांच्या यादीत त्यांचं नाव होतं. आणि नेमकं तेव्हाच अध्यक्षबाईंच्या मोबाईलवर कुणीतरी खबर दिली: 'तुमचा ड्रायव्हर खोलीत सात जण दाखवून सात पिशव्या उचलतो. त्यातले पाच कधीच इंडियाला गेलेत.'

खबर देणारा कोण, हे मी विचारलं नाही. नोकरीतही पहिल्या दिवशी विचारायचो नाही. खबऱ्याचा राग कशावर आहे हे मागून कळतंच, खबर खरी की खोटी एवढं आधी बघायचं.

लेकीला म्हटलं, "पिशव्यांची यादी मोठ्यानं वाच." ती वाचत गेली आणि मी वहीत मराठीत उतरवत गेलो.

"अप्पा, एक्सेलमध्ये सगळं आहे, परत कशाला लिहिताय?"

"हातानं लिहिलं की डोक्यात जातं. वाच तू."

मंडळाचा नियम कडक होता. पिशवी घेणाऱ्यानं नाव द्यायचं, ओळखपत्राचा नंबर द्यायचा आणि पहिली पिशवी हातात धरून फोटो काढायचा. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर जायचा. नियम सेक्रेटरींनी केलेला, हेतू चांगला. देणाऱ्याला दिसलं पाहिजे की दिलेलं पोचलं. ग्रुपवर फोटो आला की खाली हात जोडलेली चित्रं पडायची. मलाही तेव्हा ते बरं वाटायचं.

भाऊंच्या खोलीचे सात फोटो लेकीनं काढून दिले. वेगवेगळ्या आठवड्यांत टाकलेले. सात माणसं, सात शर्ट. मी चष्मा पुसून एकेक बघितला.

"जरा मोठं कर. ती पिशवी. आता दुसरीतली. आता तिसरीतली."

सातही फोटोंत गाठीच्या खाली तेलाचा तोच एक डाग होता. भिंतीवर घड्याळ होतं. पहिल्या फोटोत अकरा वाजून दहा मिनिटं, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात चौदा. सात फोटो एकाच सकाळी पंधरा मिनिटांत काढलेले, आणि एकेक करून आठवडाभराच्या अंतरानं ग्रुपवर सोडलेले.

लेक म्हणाली, "म्हणजे भाऊंनी..." आणि मोबाईल खाली ठेवला. तिलाही ते आवडायचे.

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. ज्याच्या आणलेल्या गोळीवर आपण चालतोय त्याच्याविरुद्ध पुरावा आपल्याच वहीत. यादीचा शेवटचा रकाना मात्र मी पुन्हा लेकीकडून वाचून घेतला. 'जादा मागणी'. भाऊंच्या खोलीसमोर लिहिलं होतं: बाळाची दूध पावडर. सात पुरुषांच्या खोलीत बाळ कुठून आलं? मनात पहिलं हेच आलं की माल बाहेर विकतोय. पोलिसाच्या मनात वाईटच आधी येतं.

गुरुवारी भाऊ गोळ्या घेऊन आले. बिल्डिंगखाली पार्किंगच्या सावलीत मी दोन खुर्च्या अंतरावर ठेवल्या, लेकीनं थर्मासमधून चहा दिला. चौकशी कोरड्या तोंडानं करू नये, हा माझा जुना नियम. समोरचा कप धरतो तेव्हा त्याचे हात बोलतात.

"भाऊ, गोळ्या राहू द्या आज. वेगळं बोलायचंय."

"काय बी ईचारा, काका."

मी वही उघडून घड्याळाचं सांगितलं, डागाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "हाव. म्याच केलं. समद्या पिशव्या म्याच खाल्ल्या. माझं नाव काढून टाका यादीतून. खलास."

"एवढा तांदूळ एकट्यानं खाल्लात?"

"भूक लई लागती मला."

"पोट तर दिसत नाही."

ते हसले, पण नजर वर आली नाही. इथं मी थांबलो. इतक्या वर्षांत एक गोष्ट बघितलीय. चोर आधी नाही म्हणतो, मग अर्धं सांगतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. पहिल्या घोटाला सगळा गुन्हा अंगावर घेणारा माणूस बहुतेक वेळा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि ती दूध पावडर? तीही तुम्हीच प्यायलात?"

"हाव."

"कुठली आणली होती?"

"दोन नंबरची. सहा म्हैन्याच्या वरची. एक नंबर आणली तं बाळाचं पोट बिघडतं," असं बोलून गेले आणि जीभ चावली.

मी वही मिटली. म्हटलं, "उद्या पिशव्या वाटायला जाल तेव्हा मला मागच्या सीटवर बसवा. मी कुणाला काही विचारणार नाही, शब्द देतो."

"काका, म्या बी शबूद देलाय. तिकीट गेलं तं जाऊ द्या. पर त्या लेकरांच्या बापाची मान खाली नगं जायला."

"माझ्यामुळं जाणार नाही."

ते उठले. चार पावलं गेले, परत आले आणि खुर्चीवर गोळ्यांचं पाकीट ठेवलं. "राग नगा धरू. टायमावर घ्या," म्हणाले. ज्यानं आपल्याला चोर ठरवायला वही उघडली, त्याच्या गोळ्यांची काळजी! मी खाली मान घालून ते पाकीट उचललं.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. अल खोरहून अल अझीझियापर्यंत लांब रस्ता, गाडीत मास्क लावून दोघं, बोलणं कमी. तिथं एका बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये भाऊंनी गाडी लावली. पाचेक मिनिटांत एक गृहस्थ लिफ्टमधून आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्यांनी स्वतःच्या गाडीची डिकी उघडली, भाऊंनी त्यात पिशवी ठेवली. डिकी लावताना त्यांना काचेतून मी दिसलो.

मी त्यांना ओळखत होतो. मंडळाच्या कार्यक्रमात मला आग्रह करकरून वाढणारे हेच. पुण्याकडचे इंजिनिअर. निधीच्या देणगीदारांच्या यादीत पहिल्या पाचात यांचं नाव.

"काका, तुम्ही?"

मी खाली उतरलो. पोलीस माणूस, पण त्या क्षणी मलाच पकडल्यासारखं झालं.

"सहज आलो भाऊंबरोबर. घरात बसून कंटाळलो होतो."

त्यांना ते पटलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "देणगी दिली त्याच्या पुढच्याच महिन्यात कंपनीनं कॉन्ट्रॅक्ट संपवलं हो. वाटलं, मिळेल दुसरं. मोठी दहावीला आहे, तिला माहीत नाही. बाळ रडतं म्हणून बाबा खाली गाडीत बसून मीटिंग करतात, असं तिला वाटतं. रोज तीन तास बसतो इथं." मग भाऊंकडे बघून म्हणाले, "मी मंडळाकडे गेलो असतो. पण तो फोटो. तिच्या वर्गातल्या मुलींचे आईबाबा त्याच ग्रुपवर आहेत."

परतीच्या वाटेवर भाऊंनी सगळं सांगितलं. अशी पाच घरं होती. शेजाऱ्यांनी कळवलं म्हणून भाऊ एकाकडं पिशवी द्यायला गेले तर त्या घरचे दार उघडून म्हणाले, चुकून आलात, आम्हाला नको, आणि आतून बाळ रडतंय. खोलीतले पाच जण मायदेशी निघाले त्या सकाळी भाऊंनी त्यांच्याजवळ गोष्ट काढली. ते म्हणाले, आमची नावं वापरा, आमचे फोटो वापरा, आमची इथं कोण ओळख ठेवतंय? आणि जायच्या गडबडीत एकच पिशवी हातात धरून ओळीनं उभे राहिले. दूध मात्र यादीतूनच मागावं लागलं, ते भाऊंना स्वतःला परवडत नव्हतं.

"मंडळाला का नाही सांगितलं?"

"मंडळातलेच हायेत ना ते, काका."

त्याच संध्याकाळी मोबाईलवर मीटिंग होती. लेकीनं मला पडद्यासमोर बसवलं. मी वही समोर ठेवली. साहेबांसमोर अहवाल उभ्यानंच द्यायची सवय. मी उभा राहूनच बोलायला लागलो, लेकीनं ओढून बसवलं.

"चौकशी केली. पिशव्या विकल्या नाहीत. ड्रायव्हरनं सातांतल्या दोनच खोलीत ठेवल्या, त्याची आणि तिथं उरलेल्या एकाची. बाकी पाच गरजू घरी गेल्या. फोटो खोटे आहेत, तेवढा दोष आहे. कुणाच्या घरी गेल्या ते मी सांगणार नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "काका, आदर आहे, पण असं कसं चालेल? लोकांनी विश्वासानं दिलंय. नावं लागतील."

"मग माझं नाव लिहा. माझ्या घरी पाच पिशव्या आल्या, असं लिहा."

"तुमच्या जावयाची नोकरी चालू आहे काका, कोण विश्वास ठेवेल?"

"तेच म्हणतोय मी. ज्याचं चालू आहे त्याला नाव द्यायला लाज वाटत नाही. ज्याचं बंद पडलंय त्याचाच फोटो मागतो आपण. फोटो बंद करा. अध्यक्षबाई, तुम्ही एकट्यांनी यादी बघा, आणखी कुणी बघू नका. आणि भाऊंचं तिकीट कापू नका."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "या ठरावाला अनुमोदन कोण देतंय?"

पडद्यावरच्या लहानशा चौकटीत इस्त्रीचा शर्ट दिसला. मागं गाडीची सीट. इंजिनिअर साहेबांनी माईक चालू केला. "मी देतो," ते म्हणाले. मोबाईल सरळ धरला. "ती पाच घरं काका सांगणार नाहीत. त्यातलं एक माझं आहे."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. डोळे चोळले. मग म्हणाले, "अरे, गेल्या रविवारी आपण तासभर बोललो फोनवर. एका शब्दानं तरी..." त्यांनीच पहिला हात वर केला. ठराव झाला. भाऊंचं नाव यादीत राहिलं, आणि त्यांना विमानतळावर सोडायला सेक्रेटरी स्वतः गाडी घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यापासून अध्यक्षबाईंना फ्लॅटमधून फोन यायला लागले. आधी एक, मग बरेच. तोपर्यंत आम्ही समजत होतो की गरज फक्त कामगारांच्या खोल्यांत आहे, कारण फोटोत तेच दिसत होते.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते सांगायला मला स्वतःकडे बोट करावं लागतं. नोकरीत एकदा पूर आला होता, तेव्हा मदत वाटपाच्या रांगेला बंदोबस्तावर मीच होतो. एक म्हातारी पदरानं तोंड झाकत होती. 'आजी, पदर काढा, कॅमेऱ्याकडे बघा,' हे मीच ओरडलो होतो. ते गुन्ह्यात मोडत नाही, कुठल्याच रजिस्टरला त्याची नोंद नाही. मला मात्र त्या पार्किंगमध्ये ती म्हातारी दिसली. मदत द्यायची तर हिशेब ठेवावाच लागतो, सेक्रेटरींचं त्यात काही चुकलं नाही. पण घेणाऱ्याचं तोंड हा हिशेबाचा कागद नाही, एवढं कळायला मला सगळी नोकरी आणि वर एक परदेश लागला.

इंजिनिअर साहेब आता लुसैलला नोकरीला आहेत. मोठी मुलगी कॉलेजात आहे आणि बाबांनी तिला सगळं सांगितलंय. मी दरवर्षी थंडीत लेकीकडे येतो. हेही अल खोरलाच बसून लिहितोय.

भाऊ गावीच आहेत. मागच्या महिन्यात फोन झाला तेव्हा म्हणाले, पोरगी पोलीस भरतीची तयारी करतेय, लेखीचं जमतं, मैदानीत मागं पडती, शिकवायला जवळ कोणी नाही. भाऊ, मला दुसरं काही येत नाही, पण हे येतं. परत आलो की थेट तुमच्या गावी उतरतो, महिनाभर राहतो. पोरीला सांगा, पहाटे साडेपाचला मैदानावर हजर राहायचं. आठशे मीटर आणि गोळाफेक मी करून घेतो.