आधी डावा तळहात

रामोन गेल्याची बातमी ह्यांनी मीना अल-अहमदीच्या बंदरावरून आणली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा : कुणी पाहिलं? बूट काढता काढता ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि “तू पण ना...” म्हणून तोंड धुवायला निघून गेले. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपण पडद्यावर शंभरदा मेलो आणि दर वेळी उठून जेवायला गेलो, असं जो माणूस स्वतःच सांगायचा, त्याच्या मरणावर एका दमात विश्वास कोण ठेवील? शेवटी हे इस्पितळात जाऊन त्याला डोळ्यांनी पाहून आले. झोपेत हृदय थांबलं होतं. ज्याने उमेदीची वर्षं पडण्याचा पगार घेतला, तो कुठेही न पडता अंथरुणातच गेला. त्याला आता दीड-दोन महिने होतील. शुक्रवारी मी अजून एक ताट जास्त काढते आणि परत ठेवते.

मी मुळातच संशयी. माहेरी दाभोळला कोळणीने ताजा म्हणून शपथ घेतली तरी कल्ले उघडून पाहिल्याशिवाय मी मासा घेतला नाही. लग्न होऊन कुवेतला आले, सालमियात दोन खोल्यांचं घर मांडलं, तेव्हा हे अहमदीच्या बंदरावर स्टोअरमध्ये होते. मागाहून माझा धाकटा दीर नजीर आला आणि तिथेच पाइपांचं वेल्डिंग शिकायला लागला. त्याचा उस्ताद हा रामोन. एका शुक्रवारी नजीर त्याला जेवायला घेऊन आला आणि म्हणाला, हे मेक्सिकोचे. माणूस आमच्याइतकाच सावळा, केस तेल लावून मागे वळवलेले, बोलायचा हिंदीत, तीही मजुरांकडून उचललेली. सुरमईचं कालवण मी मुद्दाम तिखटजाळ केलं होतं. त्याने तांदळाच्या भाकरीशी ते चाटून-पुसून खाल्लं आणि वर हिरवी मिरची मागितली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही! मी मनात म्हटलं, कसला मेक्सिको नि कसलं काय, हा म्हापशाचा गोंयकार. गोऱ्यांचा पगार मिळावा म्हणून देश बदललेला. म्हणून पाणी वाढता वाढता मी हळूच कोकणीत विचारलं, “तुमचो गांव खंयचो?” त्याने शांतपणे ह्यांना विचारलं, भाबी काय म्हणाल्या? चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आणि मग नजीरने सांगितलं की उस्ताद पूर्वी सिनेमात नट होते. झालं, माझी परीक्षा फुकट गेली. नटाला चेहरा कोरा ठेवायला काय लागतं?

पुढे शुक्रवार ठरूनच गेला. जेवण झालं की तो भिंतीला टेकून आपली कहाणी सांगायचा आणि हे दोघे भाऊ आ वासून ऐकायचे. तांपिको नावाच्या तेलाच्या बंदरावर त्याचा जन्म. बाप पाइप जोडायचा, त्यानेच हातात वेल्डिंगची कांडी दिली. ह्याचा जीव मात्र घोड्यांत. एका सिनेमा कंपनीने गावातले घोडे भाड्याने नेले, त्यांच्याबरोबर खरारा करायला हाही राजधानीला गेला. घोडे परत आले, हा राहिला. दहा-बारा वर्षं सिनेमात काढली. मी विचारलं, चेहरा दिसेल असं काम काय केलंत? तर म्हणाला, एकदा दारू ओतणारा आणि एकदा मढं. पण अमुक एका सिनेमात हीरो मीच होतो, हेही तो छातीवर हात ठेवून सांगायचा. मग खुब्याचं हाड मोडलं, काम गेलं, आणि बापाची कांडी घेऊन अमेरिकन कंपनीतर्फे इथे आला. मी म्हटलं, एखादा फोटो? तो म्हणाला, नाही. हीरो होता, आणि फोटो नाही! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

संशयी माणसाची नजर मात्र हलत नाही. हे दोघे त्याच्या तोंडाकडे पाहायचे, मी त्याच्या हातापायांकडे. सतरंजीवर बसायची त्याची एक तऱ्हा होती. आधी डावा तळहात जमिनीवर सपाट टेकायचा, मग उजवा खांदा किंचित वळवायचा आणि अंग असं सोडायचा की आवाज म्हणून व्हायचा नाही. जमिनीला विचारून बसल्यासारखा. पुढे जिन्यात पाय घसरून माझा गुडघा दुखावला, तेव्हा त्याने मला तसंच बसायला शिकवलं. जमिनीशी भांडायचं नाही, आधी तिला हात द्यायचा, असं काहीसं म्हणाला.

ह्या सगळ्यात नजीर बिघडत चालला होता. सालमियातल्या स्टुडिओत जाऊन त्याने केसांचा कोंबडा काढून फोटो काढले आणि एक दिवस जाहीर केलं की नोकरी सोडून मुंबईला जाणार, सिनेमात. त्याला कुवेतला पाठवताना सासूने त्याला माझ्या हवाली केलं होतं. मी रडले, भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याचं एकच : उस्ताद हीरो झाला, मग मी का नाही? तेव्हा मी ठरवलं, ह्या माणसाचं पितळ उघडं पाडल्याशिवाय माझा दीर वाचत नाही.

आणि तोच सिनेमा अहमदीला उघड्यावरच्या पडद्यावर लागला. हे म्हणाले, हातच्या काकणाला आरसा कशाला, जाऊ या सगळे. मगरिबच्या नमाजानंतर खुर्च्यांच्या मागे वाळूवर आम्ही सतरंजी टाकली. खाली अरबी अक्षरं, वर घोडेस्वार हीरो... गोरापान, घारा, नाक धारदार. तो रामोन नव्हता. नजीरने मान वळवून उस्तादाकडे पाहिलं, हे खाकरले. मला वाटलं, जिंकले. मग गोळी लागून हीरो घोड्यावरून चर्चच्या पायऱ्यांवर कोसळला. पाठमोरा, चेहरा दिसेना. आधी डावा तळहात पायरीवर सपाट. मग उजवा खांदा वळला. मग सगळं अंग आवाज न करता खाली आलं.

इतकी वर्षं पाळत ठेवणाऱ्या माणसाला अखेर काहीतरी हाती लागलं की तोंड बंद राहत नाही. मी नजीरचा दंड धरून म्हटलं, “हा रामोन हाय. बघ, हा आपला रामोन हाय.” नजीरचा चेहरा असा उजळला की आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं : आता हा मुंबईला निघणार.

रामोनने नजीरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “नहीं भाबी,” तो म्हणाला, “वो मैं नहीं. हीरो भी कोई और, गिरनेवाला भी कोई और. मैंने झूठ बोला था. मैं वेल्डर हूँ, बस.”

नजीर मुंबईला गेला नाही. फोटो त्याने स्टोव्हवर जाळले आणि कामात डोकं घातलं. आज मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत त्याच्या हाताखाली माणसं आहेत. रामोन शुक्रवारी येत राहिला, पण सिनेमाचा शब्द पुन्हा काढला नाही. नजीर त्याच्याशी कामापुरता बोलायचा, आणि मला त्या दोघांच्या मधोमध बसून वाढणं जड जायचं. मी एकदा त्याला दारात गाठून म्हटलं, खरं काय ते मला तरी सांगा. तो हसला. “शक रखो, भाबी. नज़ीर का बच्चा हो जाए, फिर पूछना.” गेल्या हिवाळ्यात नजीरला मुलगा झाला. मी विचारणारच होते.

परवाच्या शुक्रवारी नजीर बायको-मुलाला घेऊन जेवायला आला. बोलता बोलता म्हणाला, “हात सोन्याचा होता, भाबी. पण मानूस खोटा.” मी भाकरीची टोपली घेऊन आले, डावा तळहात सतरंजीवर टेकला, खांदा वळवला आणि बसले. आमच्या लेकीचं, झुबैदाचं, सगळं इंग्रजीत. हे असं बसायला तुला कोणी शिकवलं, असं तिने इंग्रजीतच विचारलं. मी नजीरकडे पाहून मराठीत उत्तर दिलं.

“एका सिनेमानटाने.”

नजीरने हातातला घास ताटात ठेवला. मग पाणी आणतो म्हणून तो उठला. तांब्या भरून आला आणि बसताना त्याचा डावा तळहात आधी खाली टेकला, उजवा खांदा वळला, आणि तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. हे त्याने उस्तादाकडून कधी उचललं, आणि त्या रात्री पडद्यावर त्यालाही ते दिसलं होतं का, हे मी विचारलं नाही. संशय मात्र आला.