राजधानीच्या मिश्या

भोर ही राजधानी होती. हसू नका. गाव एवढंसं, पण राजवाडा आमचा, कोर्ट आमचं, तुरुंग आमचा आणि तुरुंगात बसायला माणसंही आमचीच, बाहेरून आणावी लागली नाहीत. कापूरहोळच्या सडकेवर गेलं की खालसातली, म्हणजे इंग्रजी मुलखातली माणसं भेटायची. त्यांनी कुठलं म्हणून विचारलं तर आम्ही छाती काढून ‘भोर स्टेट’ म्हणायचो. हल्ली पुण्याचे शिकलेले लोक वही घेऊन येतात, वाड्याचे खांब मोजतात, नीरेच्या घाटाच्या पायऱ्या मोजतात आणि इतिहास झाला म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. मी तिसरी यत्ता शिकलेला माणूस. मोजणं मलाही येतं, पण शहर मोजून कळत नाही. मला भोर कळलं ते माझी बायको मेली त्या आठवड्यात.

मी कचेरीत शिपाई होतो. मूळचा वेल्ह्याकडचा, राजगडाखालच्या पालीच्या अंगाचा. कमरेला पट्टा, छातीवर पितळी बिल्ला आणि ओठावर मिशी. रोज सकाळी तिला खोबरेल लावून पीळ भरायचो. बायको भाकरी थापता थापता बघायची.

“अवं, पुरं की. सायेब मिशीचा मुजरा घेत न्हाईत.”

“तुला काय कळतंय? कचेरीचा मान हाय त्यो.”

“मान चुलीत दोन लाकडं सारील का? न्हाई ना? मग तुमी सारा.”

असं तिचं. लेकरू झालं नाही, म्हणून घरात बोलायला आम्ही दोघंच, आणि त्यातलं बारा आणे तीच बोलायची.

हिवतापानं गेली. दवाखान्यातलं कोयनेल कडू म्हणून पहिले दोन दिवस माझ्याशी भांडली. तिसऱ्या दिवशी भांडेना, तेव्हाच मी समजलो. मंगळवारी पहाटे संपली.

ज्या शहराला कुणाच्या घरी काय शिजलं ते वासावरून कळायचं, त्याला माझ्या घरचं मरण कळलं नाही. आम्ही मागच्या आळीत राहायचो. वेल्ह्याकडच्याच सहा माणसांनी तिला उचलली आणि नदीला नेली. मुलगा नसल्यामुळं अग्नी मीच दिला, आणि अग्नी देणाऱ्यानं डोकं-मिशी काढायची हा आमचा रिवाज. न्हाव्यानं मला काठावरच्या दगडावर बसवलं. वस्तरा ओठाशी आणून थांबला, कारण मिशी गावात नावाजलेली.

“समदी?” म्हणाला.

“समदी.”

त्याच दुपारी दवंडी फिरली. राजघराण्याच्या लांबच्या नात्यातल्या कुणी म्हाताऱ्या बाईसाहेब परगावी वारल्या, सबब उद्या दुपारपर्यंत दुकानं बंद. बाईसाहेबांना गावात कुणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे लगेच पडले. तयारीची माणसं. मिशीचा शब्द त्या दवंडीत नव्हता, हे ध्यानात ठेवा.

बुधवारी सकाळी बघतो तर दप्तरखान्याच्या किल्ल्या माझ्याच कमरेला. सुतकात कुणाला शिवायचं नसतं, तरी कचेरीपर्यंत गेलो. डोक्याला पटका होता. किल्ल्या पायरीवर ठेवल्या आणि चार हात मागं सरून उभा राहिलो. हेडकारकून बाहेर आले. आधी किल्ल्या पाहिल्या, मग माझा ओठ पाहिला. बराच वेळ पाहिला. आता विचारतील म्हणून मी वाट बघत राहिलो.

“बरं,” एवढंच म्हणाले, आणि किल्ल्या उचलून आत गेले.

मला वाटलं, समजलं त्यांना. खोटं कशाला सांगू, त्या ‘बरं’नं मला जरा बरंही वाटलं.

पण भोरात विचारायची पद्धत नव्हती. विचारलं म्हणजे आपल्याला आधी कळलं नव्हतं हे कबूल केलं, आणि ज्याला आधी कळत नाही तो कसला राजधानीतला अंमलदार? हेडकारकुनांनी मनाशी जुळवून टाकलं. वाड्यात मयत, शिपाई बिनमिशीचा, अर्थात हुकूम सुटला आणि तो आपल्याआधी शिपायाला कळला. दुपारी ते जेवून परत आले ते ओठ गुळगुळीत करूनच. दिवस मावळायच्या आत अख्खी कचेरी गुळगुळीत. गुरुवारी वकील, शुक्रवारी मास्तर, मग वाणी, शिंपी, सोनार. कुणी कुणाला एक शब्द विचारला नाही, माझी मिशी काढणाऱ्या न्हाव्यालाही नाही, आणि मी कामावर का नाही हेही नाही. एकमेकांच्या ओठाकडं बघून मान डोलवायची, ‘आम्हाला कालच कळलं’ अशी. गावचे न्हावी पुरेनात म्हणून नसरापूरहून दोन आणवले. कापूरहोळला मोटारीत बसताना खालसातले लोक विचारायचे, “भोरात वस्तऱ्याची साथ आली का काय?”

मला घरात बसून यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारीण दारात भाकरी ठेवताना म्हणाली, “भावजी, समद्या गावानं मिशा काडल्या. वाड्यासाठी.”

“कुनी सांगितलं?”

“कुनी न्हाई. समद्यास्नी ठावंच हाय.”

दहाव्याला घाटावर गेलो. माझ्या हातात पिंडाचं ताट. एक वाणी अंघोळ करून पायऱ्या चढत होता, तो थांबला, माझा ओठ पाहिला आणि उसासा टाकून म्हणाला, “दुःख काय, सगळ्यांना सारखंच हो.” ताट त्याच्या नाकासमोर होतं. बिनमिशीच्या एवढ्या गर्दीत माझं तोंड कुणाला ओळखू येणार? रंडका झालो होतो मी एकटा, आणि दिसत होतं सगळं गाव.

सुतक फिटल्यावर कामावर गेलो. हेडकारकुनांनी मला आतल्या खोलीत घेतलं आणि दार लोटलं. वरून विचारणा आली होती की क्षौराचा हुकूम काढला कुणी?

“तुला वाड्यातून कुणी सांगितलं होतं?”

“कशाचं?”

“मिशीचं.”

“कुनी न्हाई, रावसाहेब. माझी बायकू मेली.”

ते खाली बसले. “अरे, मग सांगायचं नाहीस?”

“तुमी इचारायचं न्हाई?”

त्यांनी टाक दौतीत बुडवला. मग कागद माझ्यापुढं सरकवला. “हे बघ. वाड्यातल्या कुणा गड्यानं तोंडी निरोप दिला, एवढ्यावर सही कर. नाव आठवत नाही म्हण. तुला धक्का लागणार नाही, मी आहे.”

“आन माझ्या बायकूचं?”

“तिचं काय? ती गेली बिचारी. इथं गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. शिपायाच्या बायकोसाठी सगळ्या संस्थानानं मिश्या काढल्या म्हणून पुण्याचे लोक पोट धरून हसतील.”

सही मला येत होती. केली असती तर नोकरी पक्की, आणि माझी मिशी कागदोपत्री बाईसाहेबांची. बायकोसाठी मी आयुष्यात दुसरं काय केलं होतं? चुलीत लाकडंसुद्धा सारली नव्हती. मी पट्टा सोडला, बिल्ला काढला आणि दोन्ही मेजावर ठेवलं.

“म्या माझ्या बायकूसाठी काडली. तुमी कुनासाठी काडली, ते तुमी ल्ह्या.”

त्यांनी पट्ट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “घाल तो. आणि बाहेर उभा राहा.”

मग स्वतःच लिहिलं, प्रजाजनांनी स्वयंस्फूर्तीनं दुखवटा पाळला. वरून समाधानाचं उत्तर आलं. कागद दप्तरात गेला, आणि पुढं संस्थान गेलं तरी तो कुठंतरी असेलच. एखादा वहीवाला शोधून काढील आणि इतिहास म्हणून छापील. खुशाल छापू दे.

मी पट्टा काढून ठेवला त्याच संध्याकाळी, कचेरी सुटल्यावर मी कुलूप लावत होतो. हेडकारकून पायऱ्या उतरून गेले, दहा पावलं पुढं जाऊन थांबले आणि परत आले. ओठावर दोन आठवड्यांची खुंटं.

“किती दिवस आजारी होती रे?” त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागलो. छत्री काखेत धरून ते खालच्या पायरीवर उभे राहिले. माझं लई वेळ चाललं, आणि मध्ये त्यांनी ‘ठाऊक आहे’ असं एकदाही म्हटलं नाही.