जबाबदार : सलीम

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी शाळेत असताना चोरून खाल्लेल्या चिंचासुद्धा सांगितल्या आहेत. चौदा वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगतेय? कारण या पंधरवड्यात मला माझीच भीती वाटली.

आधी थोडं कामाचं सांगते, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. खालापूरच्या बाजूला औषधं पुरवणारी एक कंपनी आहे, तिच्या कॉम्प्युटर विभागात मी आहे. आमच्याकडे एक जुना मेनफ्रेम, म्हणजे सगळ्या कंपनीचा मिळून एकच मोठा कॉम्प्युटर आहे. आम्ही त्याला थोरली म्हणतो, कारण थोरल्या जावेसारखी ती फारसा आवाज न करता सगळं घर चालवते. थोरलीवर जे जे चालतं — छपाई, साठ्याची यादी, गाड्यांचं वेळापत्रक — त्या प्रत्येकाचं देखभालीच्या प्रोग्रॅममध्ये एक पान असतं. पानावर रकाने. नाव काय, गट कुठला, चालू ठेवायचं का, जबाबदार कोण. त्यांची इंग्रजी नावं भारदस्त आहेत, पण आमच्या खोलीत पान आणि रकाना एवढंच चालायचं. आणि हा प्रोग्रॅम असा हट्टी, की पानावर जे लिहिलंय तेच खरं मानणार. ‘चालू ठेवायचं’च्या पुढे ‘नाही’ लिहा, मग ती गोष्ट हाताने कितीही वेळा सुरू करा — दोन मिनिटांत तो ती पुन्हा बंद करणार.

आमच्यात एक पद्धत होती. आपलं पान दुसऱ्याकडे सोपवायचं तर देणाऱ्याने ते मोठ्याने वाचायचं, घेणाऱ्याने ‘घेतलं’ म्हणायचं, आणि मगच जबाबदारच्या रकान्यात नाव बदलायचं. कागद नाही, सही नाही. ही पद्धत मीच पाडली होती बरं का. शिस्तीच्या बाबतीत मी नाकाने कांदे सोलणारी बाई. अजूनही आहे, असं माझ्या पाठीमागे म्हणतात.

सलीम माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, कर्जतचा. वडिलांचं बाजारात कटलरीचं दुकान. मला ताई म्हणायचा. त्याची आई ईदला माझ्यासाठी सांदणांचा वेगळा डबा पाठवायची, ताईला गोड कमी लागतं म्हणून. त्या महिन्यात माझी काही पानं त्याच्याकडे जात होती. चहा पिता पिता मी वाचायची, तो ‘घेतलं, घेतलं’ म्हणायचा. वीसेक पानं गेली असतील. पावती-छपाईचं पान त्यात नव्हतं. ते माझं होतं.

एका शनिवारी दुपारी प्रिंटरचं काम निघालं, म्हणून मी त्या पानावर ‘नाही’ लिहिलं. काम झालं की ‘हो’ करायचं, इतकंच. पण कर्जतला भाचीचा साखरपुडा होता. साडी बॅगेत, रिक्षा फाटकाशी उभी. गेले. विसरले.

विसरण्याबद्दल मी बोलत नाहीये — तेवढंच असतं तर लिहायला कशाला बसले असते?

सोमवारी सकाळी रसायनीच्या आमच्या गोदामात पावत्या निघेनात. पावतीशिवाय गाडी बाहेर पडत नाही. कुणीतरी छपाई सुरू करायचं, दोन मिनिटांत बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तीन तास हाच खेळ. मधुमेहाच्या, थंडच ठेवाव्या लागणाऱ्या इंजेक्शनांच्या पेट्या भरलेले टेंपो उन्हात उभे. एक अख्खा टेंपो माल फेकावा लागला. आणि खोलीत सगळे थोरलीला शिव्या देत होते, त्यात सर्वांत मोठा आवाज माझा. पान बघायचं तोवर कुणालाच सुचलं नव्हतं. शेवटी मी ते उघडलं. ‘चालू ठेवायचं : नाही.’ त्याच्या खाली, जबाबदार म्हणून, माझं नाव.

मी ‘हो’ केलं. प्रिंटर लगेच खडखडायला लागले. आणि कर्सर आपोआप पुढच्या रकान्यात जाऊन थांबला.

कसं सांगू? — माझा हात थरथरला नाही. मी माझं नाव पुसलं आणि तिथे सलीमचं लिहिलं. दहा सेकंद लागले असतील. तेवढेही नाहीत. चालू-बंद बदललं की यंत्र त्याची नोंद ठेवतं, पण आम्ही सगळे एकाच सामाईक नावाने आणि पासवर्डने आत जायचो, त्यामुळे कुणी बदललं ते कळत नसे. आणि जबाबदारचा रकाना म्हणजे नुसती माहिती, त्यातल्या बदलाची नोंदच होत नसे. हे मला पक्कं माहीत होतं. सलीम त्या शनिवारी कामावर होता, हेही. तो भांडणार नाही, हेही. म्हणजे बघा — इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की घाबरून, न कळत झालं. एवढं सगळं ठाऊक असून न कळत?

पण थांबा. सांगायचं होतं ते हेही नाही.

दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर पान उघडलं आणि नाव वाचलं. मला वाटलं सलीम चिडेल. तो चिडला नाही, गोंधळला. स्क्रीनजवळ जाऊन त्याने स्वतःचं नाव पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे आला आणि हळूच विचारलं, “ताई, या पानाला मी घेतलं बोललो होतो का गं? मला आठवतच नाय.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. “बोलला होतास,” मी म्हणाले. “चहा पिताना.”

हे. हे मी चौदा वर्षं गिळून बसले आहे. रकान्यातलं नाव त्या क्षणीसुद्धा परत बदलता आलं असतं. त्याने विश्वासाने विचारलं होतं, आणि त्या खोलीत त्याला खरं सांगू शकेल असं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. त्याने मान हलवली. “मंग मीच इसरलो असंन,” म्हणाला, आणि साहेबांपुढे जाऊन तसंच कबूल केलं.

त्याला खोलीतून काढून गोदामाच्या फाटकावर बसवलं. चार महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण कुणी केलं असेल? मीच. ‘चुका माणसाच्याच हातून होतात’ असं काहीतरी बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सलीमनेही वाजवल्या.

आता थोरली बंद होतेय. बंद करण्याआधी सगळी पानं एकदा नजरेखालून घालायची, ते काम माझ्याकडे आलंय. पंधरवड्यापूर्वी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी एकेक पान बघत होते. पावती-छपाई. जबाबदार : सलीम. तो गेल्यावरही ते नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते वाचलं आणि मनात आलं — बिचारा, एवढंसं विसरला आणि नोकरी घालवून बसला.

कळलं का तुम्हाला? मला ते खरं वाटलं! माझ्या हाताने लिहिलेलं खोटं मीच वाचलं आणि मलाच त्याची कीव आली. चहाचे दोन घोट घेईपर्यंत मी खरोखर असं मानत होते. मग आठवलं. कप ठेवायला गेले तर निम्मा चहा टेबलावर. मी कसली बाई आहे ही? मी फडक्याने टेबल पुसत राहिले, कोरडं झाल्यावरही.

सलीमचं कशेळ्याच्या बाजारात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, हे मला माहीत होतं. कधी गेले नव्हते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! गेल्या शनिवारी घरचा बंद पडलेला मिक्सर पिशवीत घातला आणि गेले.

तो केवढा हरखला. “ताई! अगं ये, बस गं!” मिक्सर घेतला, चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं, मोठ्याने वाचलं. मलाही वाचायला लावलं. मग तेच वहीत उतरवलं. मग आतून बायकोला, रुबिनाला, हाक मारली आणि तिच्याकडून वहीत खूण करून घेतली. मी चेष्टेने म्हटलं, एका मिक्सरला एवढा बंदोबस्त? तो हसला.

“माजा भरवसा नाय ना ताई. तुला तर म्हाईतच हाय.”

माझं हसू तोंडावरच राहिलं. रुबिना चहा घेऊन आली, तीही हसत सांगायला लागली, “पोरीला शालंतून आणायला पन एकले जात नाय. बोलतात, मी इसरलो तर? मंग मीच जाते रोज.” सलीम मान हलवत ऐकत होता, स्वतःची एखादी जुनी खोड ऐकावी तसा. वर मला म्हणाला, “तू भाषणात किती चांगलं बोलली होतीस गं.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्याची नोकरी घालवली. नोकरी गेली तर दुसरी मिळते, दुकानही टाकता येतं. मी त्याचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला. दोन शब्दांत. आणि तो माणूस ते दोन शब्द खरे धरून चौदा वर्षं जगतोय, आपल्या पोटच्या पोरीला आपण शाळेत विसरून येऊ म्हणून घाबरतोय.

मग मी काय केलं? चहा प्यायले. ‘पुढच्या शनिवारी नेते’ म्हणाले आणि परतीच्या जीपमध्ये जाऊन बसले.

सोमवारी पान उघडलं, सलीमचं नाव पुसलं, माझं लिहिलं. जबाबदार : सुनंदा. कुणाच्या लक्षातही आलं नाही. महिनाअखेरीस थोरलीबरोबर ते पानही जाईल. रकाना दुरुस्त झाला, आणि तिकडे सलीम अजून बायकोकडून वहीत खुणा करून घेतोय.

उद्या शनिवार. मिक्सर आणायला जाईन तेव्हा हे लिहिलेलं सगळं त्याला आणि रुबिनाला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, पद्धतीप्रमाणे. त्याने त्यावर काही म्हणायचं नाही. ‘घेतलं’ मी म्हणायचं आहे.

पावती-छपाईचं पान मी सलीमला कधी वाचून दाखवलंच नव्हतं. त्याला आठवत नव्हतं, कारण आठवायला काही नव्हतंच.