न बांधलेल्या इमारतीची सावली

माझ्या चुलतसासऱ्यांइतका मोजूनमापून जगणारा माणूस तापीच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरा सापडणार नाही. आणि सापडलाच, तर आमचे नाना आधी त्याला टेप लावून खात्री करून घेतील. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं हरिपाठाला लागतात, नाना धुळं मोजायला लागले. त्यांच्या बंडीच्या खिशात टेप, खडू आणि ओळंब्याचा दोरा हे तीन जिन्नस कायम असतात. मी जळगावहून मुलगी बघायला गेलो, तेव्हा कुणीतरी माझी उंची विचारली आणि मी ऐटीत 'साडेपाच फूट' म्हणालो. नाना उठले, मला दाराच्या चौकटीशी उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरून रेघ मारली आणि बैठकीला सांगितलं, "पाच फूट साडेतीन इंच. केस धरून. बाकी मुलगा खरं बोलत असावा." ती रेघ अजून त्या चौकटीवर आहे. दर दिवाळीला रंग लावताना तेवढी जागा सोडतात.

मोजणीत नाना सख्ख्या भावाचेही नव्हते. माझ्या सासऱ्यांच्या वावराचा बांध शेजाऱ्याच्या हद्दीत एक वीत गेलाय, हे त्यांनीच शोधून काढलं आणि स्वतः पहार घेऊन दगड मागे सरकवला. सासूबाईंनी त्या वर्षी पोळ्याला नानांकडे पुरणपोळी पाठवली नाही. नाना म्हणाले, "वीत म्हणजे वीत. आज वीत सोडली की उद्या वावर सुटतं." एरवी ते कचेरीतलं शुद्ध मराठी बोलतात, पण राग आला की थेट अहिराणीवर येतात. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत अहिराणीत होते.

अशा माणसाच्या घरासमोर सात मजली इमारत उभी राहायची होती.

नानांच्या गल्लीत समोरच्या अंगाला सरकीचं जुनं गोदाम होतं, बैठं आणि पत्र्याचं. त्याच्यावरून सकाळचं ऊन सरळ नानांच्या ओट्यावर उतरायचं. काकूंचे गुडघे गेली काही वर्षं धरलेले. सकाळी आठ ते दहा त्या ओट्यावर पाय पसरून उन्हात बसत, लसूण सोलत, गल्लीशी बोलत. तेव्हा कुठे दहानंतर पाय चालायला लागायचे. गोदाम विकलं गेलं, बाहेर इमारतीच्या चित्राचा मोठा फलक लागला, आणि ते दोन तासांचं ऊन जाणार हे गल्लीत सगळ्यांत आधी नानांना कळलं.

चित्र मोठं देखणं होतं. चकचकीत काचा, खाली दुकानं, रस्त्यावर झाडं, आणि एक बाई पांढरं कुत्रं घेऊन चाललेली. नानांनी फलकालाच टेप लावला. "ही बाई पाच फूट धरली, तर या हिशेबाने आपली गल्ली साठ फूट भरते. प्रत्यक्षात अठरा. गटार धरून." काकूंना वेगळीच शंका होती. "ती बाई कोनाकडे येल शे?" त्या रोज विचारायच्या.

नानांनी अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. त्यांनी इमारतीची सावली मोजायची ठरवलं, आणि नेमका त्याच रविवारी मी सासरी गेलो. जावयाला पाटावर बसवून शेवभाजी वाढतात, अशी आमच्या खानदेशाची ख्याती आहे. मला गोदामाच्या पत्र्यावर चढवलं. हातात दोन बांबू जोडून बांधलेली काठी दिली. "जावईबापू, तुम्ही सातवा मजला," खालून नाना ओरडले. "हलू नका!" इमारतीची खरी उंची गाठायला काठी पुरत नव्हतीच, उरलेलं नाना वहीत त्रैराशिक मांडून काढणार होते. सकाळी आठ ते साडेअकरा मी सातवा मजला होतो. खालून जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "काय हो, पतंग अडकला का?" माझी बायको एकदा बाहेर आली, वर बघितलं, आणि पुढच्या जन्मीही हाच नवरा मिळणार या काळजीने आत गेली.

संध्याकाळी नानांनी गल्लीत चुन्याच्या फक्कीने जाड रेघ आखली. पाच घरांचे ओटे तिच्या आत आले. आत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सावली. सकाळी साडेअकरापर्यंत.' आपला हिशेब बिल्डरला दाखवावा, एवढाच त्यांचा बेत होता. तोही परका नव्हता. याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला, पुढे नाशिकला जाऊन शिकून आलेला मुलगा. पण पुढचं काम गल्लीतल्या बायकांनी केलं, तेही न ठरवता.

दिवस फाल्गुनाचे, बिबड्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचे. दुसऱ्या दिवशी पहाटेच ज्वारीचा घाटा शिजला आणि बिबड्या थापलेल्या बाजा उन्हाला टाकायला बाया बाहेर आल्या. बघतात तर नानांची रेघ. मोजणीदाराची रेघ कुणी ओलांडायची नसते, हे त्या गल्लीला चाळीस वर्षांत अंगवळणी पडलेलं. त्यांनी निमूट सगळ्या बाजा उचलल्या आणि रेघेच्या पलीकडे, गल्लीच्या टोकाला नेल्या. तिथे बाजेला बाज, कोपराला कोपर. एकीची बकरी दुसरीच्या बिबड्या खातेय, दुसरी पहिलीच्या बकरीला शिव्या घालतेय. आणि अलीकडे पाच घरांसमोर लख्ख ऊन पडलेलं, त्यात एक बाज नाही.

नऊ वाजता बिल्डरची गाडी आली, आणि बाजांपाशी अडकली.

"अहो मावशी, इथे कशाला गर्दी केली? तिकडे सगळं रिकामं आहे ना!"

"तठे सावली शे ना भो!"

"कसली सावली? ऊन आहे की!"

"तुन्ही बिल्डिंगनी!" मावशी बकरी ओढत म्हणाल्या. "नानानी मोजेल शे."

बिल्डर खाली उतरला. रेघेपर्यंत चालत गेला, रेघेवर थांबला, आणि आत पाऊल टाकायला तोही कचरला. रेघेच्या आत ओट्यावर एकट्या काकू उन्हात लसूण सोलत बसल्या होत्या. "ये रे," त्या म्हणाल्या. "आते ऊन शे तवर बस." त्याला त्यांनी ओली बिबडी तेल लावून दिली. लहानपणी तो हीच बिबडी बाजेवरून चोरून पळायचा. तो बराच वेळ बसला. नानांची वही बघितली. शेवटी म्हणाला, "नाना, मजले कमी नाही करता येणार. पण नकाशात गाड्या आत न्यायचा रस्ता इमारतीच्या मध्ये झाकून घेतलाय, तो तुमच्या ओट्यासमोर आणून वरून उघडा ठेवतो. तेवढ्या फटीतून जे येईल ते." नानांनी फटीची रुंदी विचारली आणि ती त्याच्याकडून लिहून घेतली.

इमारत उभी राहून आता दोन हिवाळे झाले. फलकावरची बाई काही राहायला आली नाही; कुत्रं आलं. गल्लीवर सकाळी मोठी थंड सावली असते, आणि तिच्या मधोमध, कापड फाडावं तसा, उन्हाचा एक पट्टा ओट्यावर येतो. खुर्चीएवढा रुंद. पाऊण तास टिकतो आणि सरकत जातो. काकू खुर्चीत, नाना खुर्चीमागे. पट्टा सरकला की खुर्ची सरकवायची. "तुम्ही बी बसा ना उन्हात," असं काकू म्हणतात. "एकाच खुर्चीचं आहे," असं म्हणून नाना सावलीत कानटोपी ओढून उभे राहतात.

या डिसेंबरात मी गेलो होतो. "आज ऊन कवलोंग राही?" काकूंनी विचारलं. नानांनी आकाशाकडे बघितलं, खडू काढला आणि ओट्यावर रेघ मारली. "इथपर्यंत."

मी शेजारीच चहा घेत बसलो होतो. ऊन सरकत सरकत गेलं आणि रेघेच्या चांगलं एक वीत अलीकडे विझलं. ज्यांनी सख्ख्या भावाला वीत सोडली नाही, त्या नानांची रेघ वीतभर चुकली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते घाईने टेप गुंडाळत होते.

काकू मात्र उठल्या नाहीत. त्यांनी नानांना खुर्ची रेघेपर्यंत ओढायला लावली, दोन्ही पाय रेघेवर नीट ठेवले आणि तिथे ऊन असल्यासारख्या आणखी थोडा वेळ बसून राहिल्या.