शिवेवरचं नाव

"कोण ऱ्हायला नाय ना?"

कॉलेजच्या अभ्यासिकेला कुलूप लावण्यापूर्वी तात्या दारात उभे राहून असं ओरडायचे. आत कुणी नाही हे दिसत असायचं, तरी बाकांमधून एक फेरी मारायचे. तुम्हीही असा शिपाई कुठेतरी पाहिला असेल. आम्ही मुलं हसायचो.

"तात्या, भुतांना विचारताय काय?"

"हस बाळा. मागं ऱ्हायलेल्याची भीती तुला ठाव नाय."

तात्या माझ्याच गावचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, म्हणून रत्नागिरीत माझ्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. शहरात ते शिपाई. पण शिमग्यात गावाचं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की हातात नारळ धरून ते एकेका देवाला हाक मारत. ग्रामदेवी, वाघजाई, चव्हाट्यावरचा देव, आणि शेवटी शिवेवरचा पीर. प्रत्येक हाकेला गाव म्हणे, "व्हय म्हाराजा!" पिराची हिरवी चादर आमच्याच घरांतून जाई. तो मुसलमानांचा, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गावच्या मुंबईकर मंडळाने ठरवलं, गाऱ्हाण्यात पिराचं नाव नको. त्या शिमग्यात तात्यांनी ते गाळलं.

आणि घाबरले.

"तो गावाचं दार राखतो," अभ्यासिकेच्या पायरीवर बसून ते हळूच म्हणाले. "त्यालाच हाक नाय मारली. आता आत कोण येल, कोण सांगावं?"

गावाकडून कुणी भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "पोरं बरी हायत ना?" कुणाचं मूल तापल्याचं कळलं की त्यांना जेवण जायचं नाही. मी त्यांची समजूत काढायचो. विज्ञान शिकत होतो ना मी! पण घरी जाताना एसटी शिवेवर आली आणि ड्रायव्हरचा हात सवयीने कपाळाला गेला, की मी खिडकीबाहेर बघायचं टाळायचो. खरं सांगतो, मलाही भीती वाटायची.

पुढच्या शिमग्याला मंडळाचे अध्यक्ष पालखीजवळच तात्यांना म्हणाले, "लक्षात हाय ना? नायतर पुढल्या वर्षी मान दुसऱ्याला."

तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. ग्रामदेवी झाली. वाघजाई झाली. चव्हाटा झाला. ते थांबले. ढोलवाल्यांना वाटलं, संपलं. त्यांनी टिपऱ्या उचलल्या.

"बा शिवेवरच्या पीरसाहेबा," तात्यांचा आवाज फाटला, "गेल्या वर्षी तुला इसारलो नव्हतो. मंडळाला भ्यालो होतो. चुकी माझी हाय, गावाची नाय. काय करायचं ते माझं कर. पोराबाळांना हात लावू नको."

अध्यक्ष एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळ्या गावासमोर तो म्हातारा उत्तराविना उभा होता, आणि मला वाटलं, आता हा इथेच कोसळणार.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, माझ्या आईचा आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

मग माझा. मग अजून काहींचा. सगळ्यांचा नाही.

मान गेलाच. पुढच्या वर्षी तात्या सहाणेच्या कडेला साध्या माणसासारखे उभे होते. चेहरा मात्र मोकळा होता. "झोप लागते आता," एवढंच म्हणाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.

आता गाऱ्हाणं चव्हाट्यापाशी संपतं. ढोल लगेच वाजतात.

एम.एस्सी.लाही मी त्याच कॉलेजात आहे. परवा संध्याकाळी अभ्यासिकेतून बाहेर पडत होतो. नव्या शिपायाने हाक न मारताच दिवे मालवले, दार ओढलं, कुलूप लावलं. आणि आतल्या काळोखातून एका मुलीचा घाबरलेला आवाज आला.

"अहो, मी आहे! मी आत आहे!"