कारीट फुटलं का?

देवळाच्या सभामंडपात त्या दिवशी मी चांगलं अर्धा तास बोलले. विषय होता, शरदात म्हाताऱ्यांनी तब्येत कशी सांभाळावी. ग्रामपंचायतीने साठी ओलांडलेल्यांना बोलावून चहा-बिस्किटं दिली, आणि मी इतकी वर्षं अंगणवाडी चालवली म्हणून माईक माझ्या हातात दिला. मग काय, माझ्या तोंडाला कोण लगाम घालणार? म्हटलं, जुनी माणसं शरदाला वैद्यांची आई म्हणतात. का, तर या दिवसांत आजार इतके, की वैद्याला तीच पोसते. सगळे हसले. मग भाताच्या कापणीचा विषय काढला. बांधावर अनवाणी जाऊ नका, पेंढ्याखाली विंचू असतो, चप्पल झटकून घाला. आश्विनातलं ऊन पित्त उसळवतं, दुपारचं घरात बसा. आणि ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी रोज आरशात तळपाय बघा, हे तर मी टेबलावर हात आपटून सांगितलं. "दुखणं लपवू नका. लपवलेलं दुखणं दुप्पट होऊन बाहेर येतं!"

टाळ्या पडल्या. मीही मान ताठ करून घराकडे निघाले. ओढ्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं, सगळी खडी पसरलेली. तेवढ्यात मागून हाक आली.

"बाय, ए बाय! चप्पल मागं रायली तुजी."

वाडीवरची म्हातारी होती. डोंगरावरून रानभाजी, कंद घेऊन उतरते, चौक गावच्या बाजारात विकते आणि जाताना माझ्या ओटीवर पाणी पिऊन जाते. मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा, खडीवर. चप्पल पंधरा-वीस पावलं मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता.

"कळलं नाय का गं पायाला?" म्हातारीने विचारलं.

"कळलं की! अंगठा सैल झालाय तिचा, घेणारच होते हातात," मी धडधडीत खोटं बोलले.  म्हातारीने चप्पल आणून माझ्या पायाशी ठेवली आणि मी ती घालताना बघत राहिली.  आषाढापासून लपवलेली गोष्ट एका माणसाला कळली होती.

आषाढात आधी डाव्या पायाचा अंगठा गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पण मला काही सांगेना. मग चवडा, मग टाच. मला साखर बारा वर्षांची, त्यामुळे हे काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच डॉक्टरकडे गेले नाही. हो, मीच ती, टेबलावर हात आपटणारी! लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण.

पण माझी भीती ऐका, मग हसा. माझे धाकटे दीर असेच. कापणीत पायात काटा रुतला, त्यांना कळला नाही. कळला तेव्हा पाऊल काळं पडलं होतं. गुडघ्याखालून पाय काढला. त्यांच्या मुलाने त्यांना पनवेलला चौथ्या मजल्यावर नेलं. ज्या माणसाने उभा जन्म चिखलात काढला, तो खिडकीशी बसून खालच्या गाड्या मोजत राहिला. मी भेटायला गेले की म्हणत, "वैनी, यंदा आपल्याकडे भात कसा हाय?" एवढंच विचारत. दोन वर्षांत गेले. त्यांच्या घराचं कुलूप अजून तसंच आहे, गंजलंय.

माझा मुलगाही पनवेललाच. दर सुट्टीत म्हणतो, "आई, एकटी किती दिवस राहणार तू?" मी म्हणते, हातपाय चालताहेत तोवर. आता सांगा, कोणत्या तोंडाने सांगणार होते मी, की एक पाय फितूर झालाय?

दिवाळी जवळ आली तशी माझी झोप उडाली. फराळाची काळजी नव्हती, चकलीत मी कुणाच्या बापाला हार जात नाही. भीती होती कारिटाची. नरकचतुर्दशीला अंघोळ करून तुळशीपुढे नरकासुर म्हणून डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, ते कडू रानफळ, लिंबापेक्षाही लहान. त्याचा थेंब जिभेला लावायचा आणि मगच घरात जायचं. आमच्या घरात पहिला मान माझा. म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अनवाणी, आणि नेमका डाव्या पायाने! नरकासुराने सूड घ्यावा तर असा.

म्हातारीने बांधावरची कारिटं आणून दिली. मी जास्तच मागितली. तिने विचारलं, "एवडी कशाला गं? दोगातिगांचं तं घर." मी म्हटलं, लागतात. ती जाताना म्हणाली, "घरात सांग, बाय. पाय हाय तवर सांग."

मी काय केलं? मागच्या दाराला कडी लावून आठवडाभर तालीम केली! भिंतीला एक हात, खाली कारीट. पायाला कळत नसलं तरी कान शाबूत होते. दाबायचं, दाबायचं, फट् असा आवाज आला की थांबायचं. सहाव्या दिवशी मला इतकं जमलं की मीच मला शाबासकी दिली. वेडी बाई!

आदल्या दिवशी मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात आली. पहाटे सून तेल लावायला बसली. पाठीला, हातांना लावलं आणि पायाकडे वळली, तशी मी पाय आखडले. "राहू दे गं, पायाला मी लावते. गुदगुल्या होतात." तिने माझ्याकडे बघितलं, पण वाटी दिली. पाणी कढत होतं. पूर्वी पाय घालून बघायची सवय, आता कोपर बुडवून बघितलं. अंघोळ आटपून मी साडी नेसत असताना नातीने न्हाणीच्या दारात फुलबाजी लावली आणि विझली तशी तार अंगणात टाकून दिली.

मी बाहेर आले. तुळशीपुढे पणती, पणतीच्या उजेडात कारीट. तिघं समोर उभी. मुलाने मोबाईल धरलेला, फोटोसाठी. मी वृंदावनाला हात टेकला, डावा पाय पुढे नेला आणि दाबला. कान टवकारले. आणि त्याच वेळी शेजाऱ्याने लवंगी माळ लावली! फटफटफट, सगळी आळी दणाणली. त्यातलं माझं फट् कुठलं? मी दाबत राहिले. माळ संपली. तोंड हसरं ठेवून मी विचारलं, "फुटलं का गं?"

नात खदखदून हसली. "आजी, कारीट तर तिकडे आहे!"

ते वीतभर लांब, हिरवंगार, अख्खं पडलं होतं. मी पाय उचलला. तळव्याला फुलबाजीची तार चिकटून वर आली. विझली होती, पण गार झाली नव्हती. कसलासा वास आला. नातीचं हसणं थांबलं.

मुलगा अंगणातच खाली बसला. मला ओट्यावर बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला. मी तुळशीकडे तोंड फिरवलं.

"आई, इथे लागतंय?"

"लागतंय ना. हळू दाब."

"इथे?"

"अरे हो, लागतंय म्हटलं ना!"

 तो म्हणाला, "आई, मी हात लावलेलाच नाही."

मी वळून बघितलं. त्याचे दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर होते, आणि तो रडत होता. बाप गेला तेव्हाही न रडलेला माझा मुलगा. मग माझाही बांध फुटला. मी लहान पोरीसारखी म्हणत सुटले, मला नेऊ नका रे, खिडकीत बसवू नका मला.

चौकच्या डॉक्टरांनी फोड बघितला आणि मला जे झापलं, ते माझ्याच भाषणातलं होतं, शब्दन् शब्द. जखम भरायला देवदिवाळी उजाडली. तोवर सून इथेच राहिली. तिने माझे चार कपडे बॅगेत भरून ठेवले होते आणि बॅग माझ्या कॉटखालीच होती. मी रोज त्या बॅगेकडे बघून झोपायची. सुनेला न्यायला आलेल्या मुलाने निघताना ती बॅग उचलली नाही. म्हणाला, "राहू दे तिथेच. रोज संध्याकाळी सातला व्हिडिओवर पाय दाखवायचा. एक दिवस चुकला किंवा एक जखम दिसली, की त्याच दिवशी बॅग घेऊन पनवेल."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

आता घरातही मागे पट्टा असलेली चप्पल घालते. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या ठेवते. सात वाजायला आले की चष्मा लावून फोनपुढे बसते. परीक्षेला इतकी मी कधी घाबरले नव्हते. नात फोनमध्ये तोंड घालून तपासते, "आजी, टाच. आता अंगठा. वर कर."

काल तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"आजी, हलू नको. अंगठ्याखाली काळं दिसतंय."

 मला काळं पडलेलं दिरांचं पाऊल दिसलं, कॉटखालची बॅग दिसली. मागून मुलाचा आवाज आला, "काय झालं गं?" मी बोट ओलं केलं आणि अंगठ्याखाली घासलं. पायाला काही कळलं नाही, बोटाला खरखर लागली. पुन्हा घासलं.

"गेलं का गं?" मी विचारलं.

"गेलं, आजी. माती होती."

सकाळी अंगण सारवलं होतं मी, त्याचीच.