घरट्याशेजारचा जोड

वालूरच्या आमच्या घरात वीज यायची होती. वायरमन सेलूहून सायकलवर आला. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. तारा ओवायचे दोन लोखंडी पाइप जोडायचे होते; एकाचे आटे दुसऱ्यात बसवायला तो पाइप फिरवला असता, तर त्याच्या वाकड्या टोकानं तुळईवरचं चिमणीचं घरटं पाडलं असतं. आत पिल्लं होती.

"काढू का?" मी झाडू उचलला.

"भाऊ, इतकी सालं अंधारात काढली, अजून घडीभर लय झाली का?"

त्यानं दोन पाइपांमध्ये युनियनचा जोड घातला. पाइप जागचे हलले नाहीत, नुसता नट फिरला. आधीच उजेड दिसला तर बाहेर गेलेली चिमणी घरट्यात यायची नाही, म्हणून ती परतेपर्यंत तो मला बटणाला हात लावू देईना. दिवेलागणीला ती आली.

"आता लावा."

मी ऐटीत बटण दाबलं. अंधारच! बल्ब माझ्या खिशात होता.

तो तोंडावर रुमाल दाबून हसला, ती उडू नये म्हणून.